लायसन्स येईपर्यंत डोळ्याला हात नाही

३ जून, शॉमबर्ग

पुन्हा लिहायला घेतलंय. मागची वही अलास्कात सुरू केली होती, मासे साफ करायच्या कारखान्यात. ती भिजली, मग मीही तिथून निघाले. मराठीत लिहिते, कारण इथे वही कुणाच्या हाती लागली तरी वाचता येणार नाही. आईला येईल, पण आई उघडणार नाही. माझ्याबद्दल जेवढं माहीत आहे तेवढंच तिला पुष्कळ होतं.

मला भीती वाटतेय. माझ्यासाठी नाही, मृणालिनी मावशीसाठी. म्हणजे भीती मावशीची, मला ती नुसती लागलीय, जांभई लागते तशी.

मावशी सख्खी नाही, आईची नागपूरची मैत्रीण. ऑप्टोमेट्रिस्ट. म्हणजे डोळे तपासून नंबर काढणारी, आजार ओळखणारी डॉक्टर, ऑपरेशनवाली नाही. आधी इथलं, इलिनॉयचं लायसन्स होतं. मग संजीवकाकांच्या, म्हणजे तिच्या नवऱ्याच्या, नोकरीपायी वॉशिंग्टन राज्यात बेलव्ह्यूला गेली, तिकडचं काढलं. मग काका आजारी पडले, बरीच वर्षं तेच, आणि गेले. तेवढ्यात दोन्ही लायसन्सं सुटली. रिन्यू करायची पत्रं यायची, ती औषधांच्या बिलांखाली जायची.

आता ती परत आलीय. अपर्णाताईंचं इथे चष्म्याचं दुकान आहे, मागे तपासणीची खोली. त्या रिटायर होतायत. म्हणाल्या, थंडी पडायच्या आत लायसन्स आण, खोली तुझी. नाहीतर एक मोठी कंपनी मागे लागलीय, तिला देऊन टाकेन. मावशी पन्नाशी ओलांडलेली. म्हणते, "ही खोली गेली तर मी दुसऱ्याच्या दुकानात फ्रेमा पुसत बसेन, उपा."

मला वाटायचं फी भरली की झालं. तसं नसतं. मावशीने तीन राज्यांत विचारून ठेवलंय, कुठलंही एक मिळालं की त्यावरून इलिनॉयचं सोपं होतं म्हणे. एक म्हणतं, मधल्या वर्षांतल्या शिक्षणाचे तास दाखवा. दुसरं म्हणतं, तास राहू द्या, प्रात्यक्षिक परीक्षा पुन्हा द्या. तिसरं म्हणतं, आधी जिथे लायसन्स होतं त्या प्रत्येक राज्याकडून 'बाई सरळ आहे' असं पत्र आणा. मी फोन स्पीकरवर धरून बसते. होल्डवरची धून मला इतकी पाठ झालीय की भांडी घासताना तीच गुणगुणते.

५ जून

लायसन्स देणाऱ्या बोर्डातल्या माणसाचा फोन आला. मावशीचा चेहरा बघून मला वाटलं कुणी गेलं.

झालं असं. आपल्या विहारात जयंतीला दरवर्षी काहीतरी समाजकार्य असतं. यंदा मावशीने आलेल्या आजी-आजोबांचे डोळे बघितले. व्हिजिटर व्हिसावर मुलांकडे आलेली माणसं, विमा नाही, चष्मा बदलून युगं झालेली. तिने पैसे घेतले नाहीत. नंबर व्हॉट्सॲपवर सीताबर्डीच्या दुकानात गेले आणि चष्मे कुणाच्या तरी बॅगेतून पापडांच्या मधोमध आले. इथपर्यंत कुणाला कळलं नसतं. पण लहूकाकांनी बॅनर छापला. मावशीचा फोटो, तिच्या नावापुढे 'डॉ.', खाली 'भव्य मोफत नेत्र तपासणी शिबिर'. त्याखाली शाल देतानाचा फोटो, तो फेसबुकवर, आणि तिथून बोर्डापर्यंत.

लहूकाका, विहारातल्या रवीदादाचे वडील, बिचारे संध्याकाळी माफी मागायला आले. निदान मला वाटलं माफी मागायला.

"काका, फोटो कशाला टाकलात?" मावशीने विचारलं.

"चांगल्या कामाचा नाही टाकायचा तर कशाचा टाकायचा पोरी? सूर्यास्ताचा?"

"माझं लायसन्स सुटलेलं आहे. 'डॉ.' लिहायला कुणी सांगितलं?"

"सुटलं म्हणजे शिकलेलं पुसलं का? माझा चष्मा बघ. पेपर वाचतो मी आता, रवीचं इंग्रजी पत्रसुद्धा वाचतो. समजत नाही, पण वाचतो." जाताना त्यांनी जय भीम केला आणि दाराशी थांबून म्हणाले, "कुठे साक्ष द्यायची असेल तर मी येतो."

मावशी हसली नाही. बोर्डाच्या माणसाला तिने सगळं खरं सांगून टाकलं होतं. तो चांगला बोलला म्हणे. नोंद केली आहे, अर्ज येईल तेव्हा विचार होईल, तोवर असं पुन्हा व्हायला नको, एवढंच. पण मावशीने त्याची शपथच करून घेतली. "लायसन्स येईपर्यंत डोळ्याला हात नाही. कुणाच्याच."

८ जून

ठरलं. तिला परीक्षा द्यावीच लागणार. केंद्र लांब, नॉर्थ कॅरोलिनात, शार्लटला. तारीख १३. विमानाने गेली असती, पण आई म्हणाली, "उपाला घेऊन जा, तिची गाडी आहे आणि तिला दुसरं काय काम." आई जेवताना माझ्याकडे बघत नाही, मिठाकडे बघून बोलते. कॉलेज दोनदा सोडलं त्याला बरीच वर्षं झाली, पण मीठ तेच आहे.

मला आवडलं. गाडी चालवणं ही एकच गोष्ट मी अर्धवट सोडलेली नाही.

मावशी परीक्षेसाठी काळे बूट घेऊन आली. उभं राहून तपासायचं असतं म्हणे, पाय दुखू नयेत. सराव मात्र टेनिस बॉलवर. मार्करने बाहुली काढलीय, लाल पेनाने शिरा. बॉल टेबललॅम्पला चिकटवून भिंग धरून वाकते.

मी म्हटलं, "माझा डोळा घे की."

"नको."

"सराव तर आहे."

"बोर्डाला काय सांगू? टेनिस बॉल तक्रार करत नाही."

शाळेत असताना माझे डोळे तीच बघायची. उणे बारा नंबर. विहारातली मुलं 'ढापणी' म्हणायची, शाळेतल्यांना शब्द माहीत नव्हता म्हणून ती वेगळं काहीतरी म्हणायची. भटकायला लागल्यापासून कुणाला दाखवले नाहीत. सव्वीस झाल्यावर आईच्या विम्यातून नाव गेलं, मग तर दाखवायचा प्रश्नच नाही.

गाडीत मच्छर शिरलेत. बारीक, काळे, डावीकडे जास्त.

१० जून, केंटकी

इंडियाना संपता संपत नाही. केंटकीत झाडांच्या वर एकदम डायनासोरचं डोकं दिसलं, मी लगेच एक्झिट घेतला. सिमेंटचे आहेत. एकाच्या शेपटीवर एक बाई मुलाला दूध पाजत बसली होती. हे मला कुणाला तरी सांगायचं होतं, आता इथे सांगितलं.

मावशी शेजारी परीक्षेच्या प्रश्नोत्तरांची कार्डं पाठ करते. मी मधे मधे हात मारत होते.

"काय मारतेस गं?"

"मच्छर."

"मला तर दिसत नाहीत."

"तुझं लक्ष कार्डांत आहे."

तिने मान वर केली, काहीतरी विचारणार होती. तेवढ्यात फोन वाजला, कुठल्याशा राज्याच्या बाई, पत्र पोचलं नाही म्हणून. मग तेच.

रात्री झोपताना मावशी टेनिस बॉल उशाशी ठेवते. तिला कशाची जास्त भीती आहे कळत नाही, परीक्षेची की बॅनरची. म्हणते, "पास होईन गं, पण त्यांनी शिबिरावरून अडवलं तर? मग आयुष्यभर मी खोटी डॉक्टर."

११ जून, टेनेसी, डोंगराच्या पायथ्याशी

संध्याकाळी मोटेलच्या मागे गवतात काजवे. इतके की मावशी पुस्तक मिटून बाहेर आली. म्हणाली रामटेकला लहानपणी असे बघितले होते. आम्ही प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसलो. या प्रवासात पहिल्यांदा तिचे खांदे खाली आले.

मग मी हात-पाय धुवायला आत गेले. बाथरूमचं दार लावलं, दिवा लावायच्या आधी बघते तर एक काजवा आतच. डाव्या कोपऱ्यात. मान वळवली की पळतो. डोळे मिटले तरी होता.

नंतर रोजच्यासारखी मावशीला कार्डं वाचून दाखवली. मी प्रश्न वाचते, ती उत्तर देते. एका कार्डावर होतं: जास्त उणे नंबरचा तरुण पेशंट, अचानक काळे ठिपके, कोपऱ्यात वीज चमकल्यासारखा उजेड, मग बाजूने सावली. काय कराल?

"डोळ्याचा पडदा सुटतोय. त्याच दिवशी रेटिनाच्या सर्जनकडे पाठवायचं. थांबायचं नाही," मावशी म्हणाली. "पुढचं."

मी पुढचं वाचलं. ते कोरड्या डोळ्यांचं होतं.

इथे बिस्किट म्हणजे पावासारखं काहीतरी असतं, त्यावर पांढरी ग्रेव्ही घालून देतात. फार छान लागतं.

१२ जून, सकाळी

ते कार्ड मी या वहीत ठेवलंय. गठ्ठा कमी झाल्याचं मावशीला कळलं नाही.

मच्छर नाहीत. काल रात्रीच कळलं होतं, लिहिलं नाही.

डावीकडे खाली काहीतरी काळपट आलंय, कुणाचा तरी खांदा आड यावा तसं. उद्या परीक्षा. एकच दिवस. आज सांगितलं तर ती माझा डोळा बघणार. तिला राहवणारच नाही. बघितला की शिबिराच्या वर हे आणखी एक. कुणी विचारलं तर ती खोटं बोलणार नाही, तिला ते येतच नाही. आणि मग खोली गेली, सगळं गेलं, माझ्यापायी. शिवाय हॉस्पिटल म्हणजे विमा विचारणार. उद्या दुपारी परीक्षा संपली की सांगते. एका दिवसात काय होतं. डायनासोर इतकी वर्षं उभे आहेत.

या वहीत पहिल्या दिवशी मी लिहिलं होतं की भीती माझी नाही. तेही खोटंच.

१२ जून, शार्लट, हॉस्पिटल

एका डोळ्यावर टोपण लावलंय. जमेल तसं लिहिते, नाहीतर डोकं फुटेल.

डोंगरातला रस्ता. मी डावीकडच्या लेनमध्ये जायला लागले आणि भोंगा वाजला, इतका मोठा की छातीत वाजला. तिथे ट्रक होता. अख्खा ट्रक, अठरा चाकांचा, आणि माझ्यासाठी तिथे काहीच नव्हतं. मी स्टिअरिंग ओढलं. मावशीची कार्डं सगळ्या गाडीत उडाली.

"पुढचा रेस्ट एरिया. थांबव," ती म्हणाली. शांतपणे. ओरडली असती तर बरं झालं असतं.

थांबलो. शेजारी एक कुटुंब सँडविच खात होतं. मावशी माझ्यासमोर बाकावर बसली.

"उजवा डोळा झाक. तळहाताने. माझ्या नाकाकडे बघ, हलू नकोस. बोटं किती?"

"दोन."

"आता?"

मला हातच दिसेना. "हात वर कर ना मग," मी म्हटलं.

"वरच आहे, उपा."

ते सँडविचवालं कुटुंब, त्यांचा कुत्रा, झेंडा, सगळं मला स्पष्ट आठवतंय. तिचा हात तेवढा आठवत नाही, कारण तो मी बघितलाच नाही.

"कधीपासून?"

"सावली आजच. बाकीचं मच्छरांपासून."

ती म्हणाली, "मी तुझ्या शेजारी बसून टेनिस बॉलकडे बघत होते."

"मावशी, बोर्डाला कळलं तर? तू तपासलंस."

"बोटं दाखवली मी तुला. धूर दिसला की 'पळा' म्हणायला लायसन्स लागत नाही, ढापणे. हे तुला कुणी शिकवलं नाही का? कॉलेजात तरी काय करत होतीस?"

"कॉलेज सोडलं ना."

"दिसतंय."

आणि गाडी तिने घेतली. मावशी किराणा दुकानापलीकडे गाडी नेत नाही, हायवेला तर कधीच नाही. शार्लटपर्यंत ती दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून, ट्रकांच्या मधून, चढ-उतारांवरून. मला मान मागे टेकून गप्प पडायला सांगितलं. फोनवर एकामागून एक सर्जन विचारत होती. प्रत्येकाला पहिलं वाक्य तेच: मी सध्या लायसन्स नसलेली ऑप्टोमेट्रिस्ट आहे, पण माझं ऐका. तिसऱ्याने ऐकलं.

सर्जनबाईंनी बघितलं. पडदा सुटलाय, मधला भाग अजून चिकटून आहे, तो सुटला तर वाचायची नजर जाईल. ऑपरेशन उद्या सकाळी पहिलं. उजव्या डोळ्यातही एक पातळ जागा आहे, तिला आत्ताच लेझर मारला. उजव्यातही. हे ऐकल्यापासून मी दर थोड्या वेळाने उजव्या डोळ्याने घड्याळ बघते, आहे का म्हणून.

विम्याचं मावशी कोपऱ्यात एका बाईशी बोलली, बराच वेळ. मला म्हणाली, तो तुझा विषय नाही.

"उद्या सकाळी तुझी परीक्षा," मी म्हटलं.

"हो."

"तू जायचं. नाहीतर मी ऑपरेशन करून घेणार नाही."

"जाईन की. तू गुंगीत असशील, मी तिथे बसून काय करू?"

इतक्या पटकन हो म्हणाली. मला तेच हवं होतं, तरी थोडं वाईट वाटलं. आता आडवं व्हायला सांगतायत. मला अंधार होईल अशी भीती वाटते. झोपल्यावर अंधारच असतो, मग उद्या उठल्यावर कळणार कसं?

१७ जून, शार्लट, हॉटेल

पालथी पडून लिहितेय. मसाजवाल्यांकडे असते तशी भोक असलेली खुर्ची मावशीने भाड्याने आणलीय. तोंड त्या भोकात, वही खाली जमिनीवर, नजर नाकाच्या टोकापासून पुढे जात नाही. डाव्या डोळ्यात गॅसचा बुडबुडा भरलाय, तो पडद्याला दाबून धरतो. बुडबुडा जाईपर्यंत असंच पडायचं. विमानात बसायचं नाही, उंचावर जायचं नाही, बुडबुडा फुगतो. आणि शॉमबर्गच्या वाटेवर डोंगर. म्हणजे मी, जी कुठेच टिकली नाही, ती एका खोलीत जमिनीकडे बघत अडकलेय. आईला सांगितलं तर ती फोनवर रडली, मग एकदम हसली. म्हणाली, "शेवटी बसवलीच तुला कुणीतरी."

डाव्याने काय दिसेल ते अजून सांगत नाहीत. पाणी हलल्यासारखं दिसतं. रात्री टोपण काढावंसं वाटतं, हात तिथवर जातो आणि मी तो मांडीखाली दाबून धरते.

माणसं मी आता पायांवरून ओळखते. काल तपासणीला गेलो, तिथे नारिंगी क्रॉक्सवाली नर्स होती. म्हणाली, तुझी आँटी त्या दिवशी खुर्चीवरून उठलीच नाही, मी कॉफी आणून दिली तीही तशीच गार झाली. मी म्हटलं, ती माझी आँटी नव्हे, माझी तर परीक्षेला गेली होती. ती म्हणाली, ओके हनी. दिवसभरात इतक्या मावश्या येत असतील तिच्याकडे, गल्लत होणारच.

मावशीला विचारलं, पेपर कसा गेला. ती म्हणाली, "झाला." रिझल्टला वेळ लागतो म्हणे. जास्त बोलत नाही. मला वाटतं फार चांगला गेला नसावा, माझ्या काळजीने. म्हणून मी खोदून विचारत नाही.

अपर्णाताईंचा फोन आला, तो तिने बाहेर जाऊन घेतला. आत आली तेव्हा मला फक्त पाय दिसत होते, ते दाराशी बराच वेळ उभे होते. "काय म्हणाल्या?" "म्हणाली, पोरीला सांभाळ."

१९ जून

इथून पलंगाखालचं सगळं दिसतं. कुणाचं तरी कानातलं, एक नाणं, आणि मावशीच्या नव्या बुटांचं खोकं. झाकण अर्धं उघडं. बूट पालथे पडलेत, तळवे पांढरेशुभ्र, एकावर दुकानाचा स्टिकर तसाच. परीक्षेला जुन्याच चपला घालून गेली वाटतं. मरणाची साधी बाई, चांगली वस्तू जपूनच ठेवणार.

आज संध्याकाळी कार्डांचा गठ्ठा माझ्या तोंडाखाली ठेवून म्हणाली, "वाच."

"परीक्षा झाली ना? आता कशाला?"

"विसरायला होतं. वाच तू."

मी वाचायला लागले. नाक कागदाला टेकवून वाचता येतं मला, उणे बाराचा एवढा एक फायदा. काचबिंदूचं, बुबुळाचं, मुलांच्या तिरळेपणाचं. सगळी उत्तरं बरोबर, पूर्वीपेक्षा पटकन. मग मला या वहीतलं कार्ड आठवलं. ते काढलं आणि गठ्ठ्यातलंच असल्यासारखं वाचलं: जास्त उणे नंबरचा तरुण पेशंट, काळे ठिपके, वीज, बाजूने सावली. काय कराल?

मावशीचे पाय माझ्या खुर्चीजवळ आले, त्याच झिजलेल्या चपलांत. खाली वाकून तिने माझ्या मानेवर हात ठेवला. नुसता मानेवर.

"त्याच दिवशी सर्जनकडे," ती म्हणाली. "थांबायचं नाही. बाकी सगळं थांबतं."

"शेवटचं वाक्य उत्तरात नाहीये."

"नसू दे."

"पास होणार तू, मावशी."

"बघू," ती म्हणाली. "पुढचं."